अळ्यांचं पाणी

"आता जे सांगतो, त्याच्यावर तुमचा इश्वास बसणार न्हाई, मॅडम. आजपस्तोर कुणाचाच बसला न्हाई." इनायतचाचांनी टोमॅटोची एक फांदी वाकवून साधनाच्या नाकापुढं धरली. "पण आधी वास घ्या. मंग बोलतो."

साधनानं वास घेतला आणि तिची मान आपोआप दुसरीकडं वळली. टोमॅटोच्या पानांचा उग्र हिरवा वास तिच्या चांगल्या ओळखीचा होता; पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. पोत्यात विसरून राहिलेल्या वांग्यांना पाणी सुटावं, त्यात उंदीर मरावा आणि वरून कुणीतरी पान खाऊन थुंकावं, असा तो वास होता. शेडनेटच्या कोंडलेल्या उकाड्यात तो हलतही नव्हता. माणसाला चिकटून उभा होता.

"घेतला?" चाचा म्हणाले. "हा वास झाडाचा हाय. झाडाला किळस आली की झाड असं ओकतं."

"चाचा, मॅडमला काम करू द्या," नंदाबाई म्हणाली.

शेडनेट नंदाबाईचं होतं. जाफराबादहून काळीपिवळी जीप जिथं सोडते तिथून आत, ओढा ओलांडून. इनायतचाचा तिथले राखणदार. त्याआधी उमरभर त्यांनी जुन्या जालन्यात एका कापडाच्या दुकानापुढं उभं राहून गिऱ्हाईक आत ओढायचं काम केलं होतं. त्या कामाला पायांपेक्षा जीभ जास्त लागते. पाय थकल्यावर ते लेकीच्या गावी आले तेव्हा जीभ तशीच्या तशी शाबूत होती. नेटमध्ये काम करणाऱ्या बायांना त्यांच्या गप्पांची इतकी सवय झाली होती, की चाचा एखादी गोष्ट खरी सांगू लागले तर त्या तब्येतीची चौकशी करत.

साधना जालन्याच्या बियाणे कंपनीतून आली होती. तिनं पिशवीतून चिमटा काढला, एक फूल खुडलं आणि तळहातावर ठेवून उघडलं. पिवळ्या केसरांच्या नळीच्या मधोमध मादीची काडी असते. सुईसारखी सरळ, टोकाला किंचित ओलसर. बियाण्याच्या प्लॉटवर सगळा खेळ त्या काडीचा. फूल उमलायच्या आदल्या दिवशी बाया चिमट्यानं नराची नळी अलगद काढून घेतात, काडी तेवढी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तिच्या टोकाला दुसऱ्या वाणाचा पराग लावतात. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. पराग अंगठीतल्या इवल्याशा वाटीत असतो. अंगठी बोटात घालूनच बाया या झाडावरून त्या झाडावर जातात.

तळहातावरच्या फुलात काडी नव्हती. तिच्या जागी जाडसर, हिरवट, मुडपलेलं काहीतरी होतं. आखूड. अंग चोरून बसलेल्या अळीसारखं. साधनानं चिमट्यानं ते हलवलं, तसा त्यातून चिकट थेंब आला. तिनं हात झटकला.

"सगळी अशीच आहेत?"

"सगळी न्हाई," नंदाबाई म्हणाली. "पण लई हायेत. याला काय पराग लावावा, सांगा. फळच धरत न्हाई. धरलं तर बी न्हाई."

"मी काय म्हणतो मॅडम," आदिनाथ म्हणाला. तो कंपनीचा सुपरवायझर. या भागातल्या साऱ्या नेटवर त्याची फेरी असे. पांढरे बूट, आणि नाकावर घडी केलेला रुमाल. रुमालाला सेंट लावलेला होता, त्यामुळं तो जवळ आला की दोन वास एकमेकांत मिसळत. "औषध न्हाई, खत न्हाई, काही न्हाई. बाया बदलल्या की सगळं ठीक होतंय. घाणेरड्या हायेत. हात धुवत न्हाईत. जवळ उभं राहवत न्हाई एकेकीच्या. मी रोज सांगून राह्यलो."

बाया नेटच्या दुसऱ्या टोकाला रांगेनं उभ्या होत्या. नंदाबाईनं सकाळीच सगळ्यांना साबण आणि लिंबाच्या फोडी देऊन कोपरापर्यंत हात घासायला लावले होते, तरी त्यांनी हात पाठीमागं घेतले होते. हिरव्या जाळीतून गाळून आलेल्या उजेडात सगळ्यांचे चेहरे आजारी दिसत होते. रांगेत शेवटी अक्षता होती आणि तिच्या शेजारी फलक, इनायतचाचांची नात, लेकीची लेक.

"आदिनाथ, मी दोनच गोष्टींसाठी आले आहे," साधना म्हणाली. "हे किडीमुळं झालंय का हातामुळं, ते बघायला. कीड असेल तर ही फुलं खुडून टाकू, पुढच्या बहारावर काम चालू राहील. हातामुळं असेल, तर मला या टोळीला थांबवावं लागेल. इथंच नाही, आपल्या सगळ्या प्लॉटवर."

अक्षतानं पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढली. तालुक्यात बाकीची कामं म्हणजे कापूस वेचणं नाहीतर सोयाबीन काढणं. दोन्ही उन्हातली आणि चार दिवसांची. सावलीतलं, महिनोन्‌महिने पुरणारं काम हे एवढंच होतं.

"किडीमुळंच झालं," इनायतचाचा म्हणाले. "मी पाह्यली ना ती कीड. तेच तर सांगून राह्यलो, पण माझं आयकतं कोण."

"कुठली कीड? मला तर पानावर एक भोक दिसत नाहीये."

"ती खात न्हाई, मॅडम. चाटती."

रांगेतून कुणीतरी नाकातून हसलं. आदिनाथनं रुमालाआडून तिकडं पाहिलं. हसू थांबलं.

"दिवाळी झाली, त्याच्या दुसऱ्याच रात्रीची गोष्ट," चाचांनी सुरुवात केली. दुकानापुढं उभं राहून हाक मारताना माणूस जसा एक पाय पुढं टाकतो तसा त्यांनी टाकला. "मी तिकडं दाराशी खाट टाकून पडल्तो. आवाज आला. चपक, चपक. म्हणलं, कुत्रं पाणी पिऊन राह्यलं. बॅटरी मारली तर अळी. केवढी म्हणता? माझं मनगट बघा. ह्याच्याएवढी मुंडी. आन्‌ मुंडीवर तेल लावून भांग पाडल्यासारखी रेघ."

"चाचा," नंदाबाई म्हणाली.

"पुढं आयका. अळी सरपटती, सगळ्यांना ठाऊक हाय. ही उभी. शेपटीवर उभी राहून चालून राह्यली, एका ओळीतनं दुसऱ्या ओळीत, आपल्या बाया चालतात तशी. प्रत्येक कळीपाशी थांबायची, जीभ काढायची, कळी चाटायची आन्‌ पुढं. जीभ कशी, तर भिजलेली सुतळी. आन्‌ वास, तोबा. आष्टीच्या बाजारात माझ्या मामूचं बकरं मेल्तं, आठ दिवस कुणाला सापडलं न्हाई, तो वास ह्याच्यापुढं गुलाबपाणी."

साधनाच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पण ती वाकली होती आणि फुलं बघत होती. ती एक ओळ वरून खाली बघत गेली, मग दुसरी. खालची फुलं तिनं उघडली, अगदी शेंड्याची टाच उंचावून उघडली.

"हे विचित्र आहे," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "खाली फुलं चांगली आहेत. वर शेंड्यालाही चांगली आहेत. फक्त इथं, कमरेपासून खांद्यापर्यंत बिघडलीयत."

"हात पोचतो तिथंच," आदिनाथ म्हणाला. "म्हणलं ना."

"उभी अळी," चाचा म्हणाले. "उंची बराबर तेवढीच."

साधना चाचांकडं वळली. "चाचा, तुमची अळी चाटते, हे एका अर्थी खोटं नाही. झाडाला अळी कळते ती तिच्या लाळेवरून. पान चावताना लाळ लागली की झाड आतल्या आत एक इशारा फिरवतं आणि स्वतःला कडू करून घेतं, पुढच्या अळीनं तोंड फिरवावं म्हणून. पण तो इशारा पानापुरता नसतो. कळीतलं काय किती वाढायचं, केसर कधी पिकायचं, यातही त्याच रसायनाचा हात असतो. झाड सारखं भ्यायलेलं राहिलं तर फूल असं होऊ शकतं." तिनं तळहातावरचं मुडपलेलं फूल पुन्हा पाहिलं. "पण अळी नाही, भोक नाही आणि झाड अळी आल्यासारखं वागतंय. कुणाच्या हाताला अळ्यांचा रस लागत असेल, आणि तोच हात रोज कळ्यांना लागत असेल, तरच हे जमतं."

रांगेत फलकनं पाठीमागचे हात एकमेकांत घट्ट धरले.

चाचांनी फलककडं पाहिलं नाही. त्यांनी आभाळाकडं पाहिलं, म्हणजे जाळीकडं.

क्रॉसिंगचं काम हात धरूनच शिकवतात. नव्या बाईचा चिमटा थरथरतो, काडी मोडते. मग जुनी बाई मागं उभी राहते, तिचा हात आपल्या हातात घेते आणि नळी कशी सोलायची ते दाखवते. दोन-चार दिवसांत हात बसतो. आदिनाथ मात्र हात बसलेल्या बायांनाही हात धरूनच शिकवी. अंगठी नीट बसली का बघायला बोट धरी, आणि धरलेलं बोट सोडायचं विसरे. मागून वाकून फूल दाखवी. फूल केवढंसं, त्याला वाकावं किती लागे. अशा वेळी नंदाबाईला नेमकं ठिबकच्या नळ्यांचं काही आठवे आणि ती खाली बघत दूर जाई. प्लॉट पास का नापास, ते आदिनाथच्या शेऱ्यावर ठरत होतं.

पावसाळा संपता संपता एकदा फलक घरी आली, परातीतल्या पाण्यात हात बुडवून कितीतरी वेळ बसली आणि पाठमोरीच म्हणाली, "नाना, उस आदमी का हात गीला रहता." एवढंच. नानांनी पुढचं विचारलं नाही. त्यांना जीभ होती, पण अशा कामाला ती कधी वापरलेली नव्हती. आदिनाथच्या पुढ्यात जाऊन उभं राहायचं तर पोरीचं नाव घ्यावं लागणार, आणि नाव एकदा निघालं की गाव आदिनाथचा हात बघणार नाही, पोरीचा बघणार. एवढा हिशेब त्यांनी खाटेवर पडल्या पडल्या केला. मग त्यांनी आपल्या पद्धतीनं तोड काढली.

शेडनेटभोवतीच्या गवतातल्या अळ्या, आत शिरू नयेत म्हणून, बाया वेचून एका डब्यात टाकत. चाचांनी तो डबा घेतला, अळ्या दगडानं ठेचल्या, त्यात टोमॅटोची पानं चुरडली, पाणी घातलं आणि झाकण लावून नेटमागं उन्हात ठेवून दिला. चार-पाच दिवसांनी झाकण आपोआप वर आलं. आत हिरवट काळा लगदा झाला होता. वर साय धरली होती, सायीत अळ्यांची पोकळ कातडी तरंगत होती आणि मधूनच एखादा बुडबुडा फुटत होता. चाचांनी त्यातलं पाणी एका बाटलीत भरून फलकच्या हातात दिलं. "मनगटाला लाव, बाहीला लाव. जालन्याचा अत्तरवाला आला तरी उलट्या पावली पळंल."

पहिल्या दिवशी फलकला उलटी झाली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी आदिनाथ तिच्या मागं येऊन उभा राहिला, वाकला आणि तसाच सरळ झाला. त्यानं खिशातून रुमाल काढला. त्या दिवशी फलक नाक मुठीत धरून घरापर्यंत हसत आली. आठवड्याभरात अक्षतानं बाटली मागितली. मग एकेक करत सगळ्याच लावू लागल्या. कुणी कुणाला का म्हणून विचारलं नाही.

पण तो वास साबणानं जाईना. फलक भाकरी चमच्यानं खाऊ लागली; चमच्यानं भाकरी खाणं म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक. आईनं तिची चादर निराळी टाकली. केस बांधायला हात वर केला की स्वतःच्याच बाहीचा भपकारा तोंडावर येई आणि ती हात खाली घेई. केस तसेच राहू लागले. चाचा म्हणत, सवय होईल. सवय आदिनाथला तेवढी झाली नाही, हे खरं. बाकी कुणालाच झाली नाही. आणि फुलं अशी होतील, हे तर चाचांच्या स्वप्नातही नव्हतं.

"हाताला रस लागायला अळी तर पायजे का न्हाई?" आता चाचा साधनाला म्हणत होते. "या, दाखवतो. दिवसा कुठं झोपती ती."

आदल्या रात्री डबा जिथं रिता केला होता त्या ओळीच्या टोकाला ते गेले, गुडघ्यावर बसले, मातीवर अंथरलेला प्लास्टिकचा कागद उचलला आणि उघड्या हातानं माती उकरली. बोटांना काहीतरी मऊ लागलं तसे ते थांबले, मग मूठ भरून वर काढली. साधना दोन पावलं मागं सरली. चाचांच्या मुठीतून काळपट लगदा गळत होता. त्यात अळ्या होत्या, अर्ध्या, फुटलेल्या, एकमेकींत मिसळलेल्या, काहींचं तोंड अजून तसंच टणक आणि तपकिरी. वास असा उठला, की आदिनाथ रुमालासकट बाहेर पळाला आणि दाराशी जाऊन थुंकला. नंदाबाईनं पदर तोंडात कोंबला.

"ही पिलावळ," चाचा म्हणाले. "आई रातच्याला येती. पिलं माझ्या भेवानं मेली. बॅटरी मारली की त्यांचं काळीज फुटतं."

साधनानं तोंडावर हात धरून ती मूठ पाहिली. ती शेतकी कॉलेजात शिकलेली होती. रात्री वर येणाऱ्या आणि दिवसा मातीत दडणाऱ्या अळ्या तिला माहीत होत्या, आणि मेलेल्या अळ्या एकाच खड्ड्यात ढिगानं सापडत नाहीत, हेही माहीत होतं. तिनं चाचांकडं पाहिलं. चाचा तिच्याकडं बघत होते, मूठ तशीच पुढं धरून, आणि त्यांच्या तोंडावर गिऱ्हाईक उंबऱ्यावर आल्यावरचं हसू होतं. मग तिनं रांगेकडं पाहिलं. बाया तिच्याकडंच बघत होत्या. एकीनंही नाक धरलेलं नव्हतं.

"टाका ते," साधना म्हणाली. "हात धुवा."

ती बाहेर जाऊन मोकळ्या हवेत थोडा वेळ उभी राहिली. परत आली तेव्हा तिनं चिमटा पिशवीत टाकला होता.

"कीड आहे," ती म्हणाली. "मी तसंच कळवते. बिघडलेली फुलं सगळी खुडून टाका, नेटबाहेर नेऊन पुरा. टोळी हीच राहू दे."

नंदाबाईनं तोंडातला पदर काढला आणि डोळ्यांना लावला. रांग सैल झाली. अक्षता फलकला काहीतरी म्हणाली आणि दोघी हलक्या आवाजात हसल्या. चाचा हौदावर हात धूत होते, त्यांनी नखातला लगदा काडीनं काढत तिथूनच आवाज दिला, "कुणाचा इश्वास बसणार न्हाई म्हणलं होतं. बसला का न्हाई?"

"एक मात्र करायचं," साधना म्हणाली. "किडीचा रस हातावाटे पसरतोय, म्हणजे हात स्वच्छ पाहिजेत. आत येताना प्रत्येकीनं साबणानं धुवायचे. वास येता कामा नये. आणि आदिनाथ, तुम्ही रोज तपासायचं. प्रत्येकीचा हात. एकही सोडायचा नाही."

"बराबर," आदिनाथ म्हणाला. तो परत आत आला होता. "मी पण हेच म्हणणार होतो. मला पैल्यापासूनच किडीचा डाऊट होता, मॅडम. बाया काय, गरीब हायेत बिचाऱ्या." त्यानं नाकावरचा रुमाल काढला, हवा हुंगून बघितली, रुमालाची नीट घडी केली आणि खिशात ठेवला.

अक्षताचं हसू तिथंच राहिलं.

"आजपासूनच सुरू करतो," तो म्हणाला आणि रांगेपाशी गेला. "दाखव गं. हां. ही फलक, मॅडम. एक नंबर क्रॉसिंग करती. मी सोता हात धरून शिकवलं हिला." त्यानं तिचं मनगट धरलं आणि लिंबानं घासून लालसर झालेला तळवा साधनाच्या दिशेनं वळवला. "बघा, कसा स्वच्छ हाय. बिलकुल वास न्हाई." तो हाताशी नाक नेऊन हसला. बोलणं संपलं होतं. मनगट सुटलं नव्हतं.

नंदाबाई ठिबकच्या नळीकडं बघू लागली.

चाचा हौदावरून ओल्या हातांनीच आले. इतक्या लगबगीनं त्यांना कुणी चालताना पाहिलं नव्हतं. "सर," ते म्हणाले, "सर, जरा इकडं या. तुम्हाला ती अळी दाखवायची राह्यली. आई. मोठी. आत्ता दिसंल, जल्दी या."

"दिवसा कशी दिसंल, चाचा? तुम्हीच म्हणले रातच्याला येती."

"आज दिवसा आली. तिकडं, त्या खांबामागं. उभी हाय. पांढरे बूट घाल्यात तिनं." चाचांचा आवाज वर चढला. दुकानापुढून गिऱ्हाईक निघून जाताना चढतो तसा. "डोकं येवढं, मॅडम, भांग पाडलेला. कळी दिसली की मागून येती, वाकती, जीभ काढती. मी पाह्यलं ना. झाडाला लई किळस आली. मंग झाडानं काय केलं, सारी कडवाई गोळा केली, पानातली, मुळातली, आन्‌..."

"चाचा रंगात आले," आदिनाथ साधनाला म्हणाला. त्याचा अंगठा फलकच्या मनगटावर मागंपुढं फिरत होता.

"...आन्‌ तिच्या तोंडावर थुकली, मॅडम. तवापासून ती अळी या नेटात येत न्हाई. गेली. कायमची गेली. मी सोता तिला एसटीच्या टपावर बसून जाताना पाह्यलं..."

"नाना, बस."

चाचा थांबले. घरी ती त्यांच्याशी कधी मराठीत बोलत नसे. आता बोलली, सगळ्यांना कळेल अशा मराठीत, सावकाश, पाठ केलेला धडा म्हणून दाखवल्यासारखी. आणि बोलताना तिनं हात ओढून घेतला नाही. तो तसाच आदिनाथच्या मुठीत राहू दिला, साधनाला दिसेल असा.

"मॅडम, माझे नाना खोटं बोलून राह्यले. अळी कुठं गेली न्हाई. आन्‌ तो वास झाडाचा न्हाई, आमचा हाय. अळ्या ठेचून आम्हीच हाताला लावत होतो, सगळ्या जणी. कशापायी लावत होतो, ते सरांना इचारा."